बाबा, तुम्ही लावलेले कंद फुललेत

प्रिय आई-बाबा,

सा. न.

काल फोनवर घाईत सांगितलं पण माझं समाधान झालं नाही, म्हणून नीट लिहितेय. बाबा, ऑक्टोबरमध्ये इथे इंग्लंडमध्ये असताना तुम्ही कुंपणाच्या कडेला जे कंद लावलेत ना ते वर आलेत, आणि क्रोकस तर पूर्ण फुललेत, जांभळे, पिवळे आणि पांढऱ्यावर जांभळ्या रेघा असलेले. खारींनी थोडे उकरले पण जाळी टाकली होती त्यामुळे बाकीचे वाचले.

तुम्ही तेव्हा म्हणत होतात की एवढ्या गारठ्यात जमिनीत काय टिकणार, सगळं कुजेल. पण यांचं आपल्या निशिगंधाच्या अगदी उलट आहे, निशिगंधाचा कंद इथल्या बर्फात मरतो आणि ट्यूलिपला साधारण 12 ते 16 आठवडे गार जमीन मिळाल्याशिवाय फुलाचा दांडाच नीट वाढत नाही. म्हणून काश्मीरला ट्यूलिपच्या बागा आहेत आणि साताऱ्याच्या आपल्या अंगणात ते जमणार नाही.

क्रोकस बघायला मजा येते. सकाळी चहा घेऊन मागच्या दारात जाते तेव्हा सगळे मिटलेले असतात, ऊन आलं की हळूहळू उघडतात आणि ढग आला की परत मिटतात, कारण ऊब लागली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते. काल एक गुबगुबीत बंबलबी एका फुलात पूर्ण आत शिरली, ते फूल तिच्या वजनाने आडवं झालं आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगभर पिवळी पूड होती. मी मीटिंग सोडून तिथेच उभी होते.

आई, तू विचारलंस ना की हे केशर आहे का, तर नाही. वंश एकच पण जात वेगळी, केशराचा क्रोकस शरद ऋतूत फुलतो, आपल्या काश्मीरमधल्या पाम्पोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो तो. यातलं काही खायचं नाही.

आणि हो, तू वाफ्याच्या टोकाला लावलेला पातीचा कांदा मी कुंडीत हलवलाय, कारण शेजारीच डॅफोडिल आलेत आणि ते विषारी असतात, कोवळे असताना पातीसारखेच दिसतात. 2015 मध्ये इथल्या आरोग्य खात्याने सुपरमार्केटवाल्यांना सांगितलं होतं की डॅफोडिल भाजीजवळ ठेवू नका. पान चुरगाळलं की कांद्याचा वास येत नाही ही खूण आहे, पण घरात छोटी मुलगी आहे, उगाच रिस्क कशाला.

शेजारच्या आजींनी त्यांच्या स्नोड्रॉपचा एक गड्डा पानांसकट काढून दिला, म्हणाल्या सुके कंद लावले तर बरेचदा येत नाहीत, फुलं संपता संपता असे हिरवेच लावायचे. बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्याशुभ्र आणि आतल्या तीन आखूड, त्यांच्या टोकाला हिरवा ठिपका. बाबा, तुम्ही कॅमेल्याखाली जी जागा मोकळी ठेवलीत तिथे लावलाय.

डॅफोडिलची फुलं गेली की पानं निदान सहा आठवडे कापायची नसतात, पिवळी पडून आपोआप वाळू द्यायची, कारण पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या जिवावर कंदात तयार होतं. तुम्हाला वाळकं पान झाडावर बघवत नाही हे माहितीये, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ट्यूलिप अजून जेमतेम दोन बोटं वर आलेत, ते एप्रिलमध्ये फुलतील. तेव्हा या ना तुम्ही दोघं. व्हिसा चालू आहे, तोपर्यंत दिवसही मोठा झालेला असतो आणि आईला तो डिसेंबरसारखा चार वाजताचा अंधार सोसायला नको. जो माणूस गुडघे टेकून लावतो त्याने फूल फोटोत का बघायचं? आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून घ्या, व्हीलचेअर मी बुक करते, आणि रविवारपर्यंत सांगा म्हणजे तिकिटं बघायला घेते.

तुमची,
मनू