पालथं ठेवलेलं पॅड

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही संकोचाल आणि वर "एवढं काय त्यात" म्हणाल. पण तोंडी आभार मानून माझं समाधान झालेलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

ऑपरेशननंतर मी तुमच्याकडे फिजिओथेरपीला आलो तेव्हा गुडघ्याइतकाच आतूनही आखडलेलो होतो. त्याला कारण आधीचं केंद्र. तिथे भिंतीवर एक पांढरा बोर्ड होता. प्रत्येक पेशंटचं नाव आणि त्यापुढे त्याचा गुडघा किती डिग्री वाकतो तो आकडा. दर आठवड्याला जुने आकडे पुसायचे, नवे लिहायचे, सगळ्यात जास्तवाला वर. म्हणे त्याने हुरूप येतो. येत असेल, वरच्या दोघातिघांना. "त्यांचं बघा, तुमच्यानंतर ऑपरेशन झालं आणि शंभरच्या पुढे गेलेसुद्धा," असं तिथली मंडळी मला हसतमुखाने सांगत. हसत मारलेली चापट काही कमी लागत नाही.

माझ्या लिगामेंटबरोबर मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवलेला होता. टाके जपायचे म्हणून सर्जननीच सुरुवातीचे काही आठवडे ९० डिग्रीच्या पुढे वाकवायला मनाई केली होती. शंभरच्या पुढे गेलेल्या त्या गृहस्थांचा मेनिस्कस शाबूत होता. आम्हा दोघांचं दुखणं वेगळं, बंधनं वेगळी, बोर्ड तेवढा एक. आणि बोर्डावर मेनिस्कससाठी रकाना नव्हता.

तुमच्याकडच्या पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या गुडघ्याला गोनिओमीटर लावलात, तो दोन पट्ट्यांचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा कोनमापक. आकडा वाचलात. मी सवयीने शेजारच्या बेडकडे मान वळवली आणि विचारलं, "यांचं किती?"

तुम्ही रागावला नाहीत की समजावत बसला नाहीत. हातातलं पॅड, ज्यावर सगळ्यांच्या नोंदी होत्या, ते टेबलावर पालथं ठेवलंत. एक कोरा कागद घेतलात, मधोमध उभी रेघ मारलीत, एका बाजूला 'डावा', दुसऱ्या बाजूला 'उजवा' असं लिहिलंत आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. मग माझ्या धडधाकट उजव्या गुडघ्यालाही तोच गोनिओमीटर लावलात. "तुलना करायचीच आहे ना? मग याच्याशी करा. हाही तुमचाच आहे."

बाकीच्या उपचारांचं पुराण लावत नाही. जे त्यातून गेलेत त्यांना ते ठाऊक आहे, आणि जे गेले नाहीत त्यांना न कळलेलंच बरं. मला लिहायचंय ते त्या पालथ्या पॅडबद्दल.

लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला एक विचार नंतर वाचनात आला. माणसाला आपण कुठवर आलो हे जोखायचं असतंच, आणि हाताशी वस्तुनिष्ठ माप नसलं की तो आजूबाजूच्यांकडे बघून जोखतो. वाचलं आणि माझा 'यांचं किती' एकदम उलगडला. मला त्या काकांच्या गुडघ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला माझाच गुडघा कळत नव्हता. तुम्ही उपदेश केला असता तर तो मी जिन्यातच विसरलो असतो. तुम्ही माप दिलंत, आणि आकड्यांना अर्थही दिलात. सपाट जमिनीवर नीट चालायला साधारण ६० डिग्री पुरतात. जिना उतरायला नव्वदच्या आसपास लागतात, खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहून थोड्या जास्त. हे कळल्यावर साठ म्हणजे 'अमक्याच्या खाली' राहिलं नाही. साठ म्हणजे दारापर्यंत न लंगडता जाणं झालं.

एका आठवड्यात आकडा मागे आला होता. बोर्डावर माझं नाव खाली सरकलं असतं. तुम्ही आकड्याशेजारी फक्त 'सूज' एवढं लिहायला लावलंत आणि पुढच्या व्यायामाकडे वळलात.

आणि उजव्या पायालाही तुम्ही देव केलं नाहीत. हालचाल कमी झाली की धडधाकट पायसुद्धा थोडा उतरतो, तेव्हा 'दुसऱ्या पायाच्या ९० टक्के ताकद आली' म्हणून लगेच पळत सुटायचं नाही, हेही बजावलंत. स्वतःशी केलेली तुलनाही तपासून घ्यावी लागते, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

'इतरांशी तुलना करू नकोस' असं सांगणारे मात्र आयुष्यात ढिगाने भेटले. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांनीच मला शाळेपासून कुणाच्या तरी मागे उभं करून बघितलं होतं. आधी मार्क, मग नोकरी, मग पगार, मग कोणाचं घर केवढं. पेन्सिल कुणी दिली नाही.

शेजारच्या बेडवरच्या काकांचा आकडा मला आजही माहीत नाही. माझा त्यांना माहीत नाही, हेही तुमचेच उपकार. त्यामुळे झालं असं की आमची ओळख झाली. पाय वाकवताना ते काहीतरी गुणगुणतात, आणि दुखलं की त्यांचा सूर चढतो. आता मी त्यांना सूर वर गेला की थांबायला सांगतो, ते मला घाई करू नका म्हणून दटावतात. सभ्यपणाने वागवलेली माणसं एकमेकांशीही सभ्यपणाने वागायला लागतात, हे मी त्या खोलीत रोज बघतो. त्याला वेगळी यंत्रं लागत नाहीत, खर्चही येत नाही. तरी इतकं दुर्मीळ का असावं, कोण जाणे.

आधीच्या केंद्रातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांना एवढंच सांगणं: बोर्ड राहू द्या, व्यायामाच्या वेळा लिहायला उपयोगी पडेल. नावं आणि आकडे तेवढे पुसा.

मॅडम, मनापासून धन्यवाद. पुढच्या तपासणीला येतोच आहे. कागदाची एक बाजू भरली, तेव्हा नवा कागद लागेल.

तुमचा,
डावा गुडघा (आणि त्याचा मालक)