सायलेन्सरमधली जाळी फोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पुतण्याच्या गाडीचं पिकअप गेलं म्हणून त्याच्यासोबत भांडुपच्या एका गॅरेजवर गेलो होतो. मेकॅनिकने सायलेन्सर उतरवला आणि म्हणाला, “काका, जाळी चोक झालीय. फोडून टाकतो, पाइप मोकळा. नवीनला हजारो रुपये कशाला घालवता?” बाजूच्या गोणीत अशाच फोडलेल्या जाळ्या भरलेल्या होत्या. भंगारात त्या ‘माती’ला चांगला भाव येतो, व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जातात तेही त्यासाठीच.

एक तुकडा हातात घेतला. बिस्किटासारखा हलका, राखाडी, आगकाडीसुद्धा आत जाणार नाही एवढी बारीक चौकोनी भोकं. ही जाळी म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. या भोकांच्या आतल्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. मी 32 वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात इथिलीन ऑक्साइड या रसायनाच्या प्लांटवर काढली आहेत, तिथलं कामही अशाच धातूच्या पृष्ठभागावर चालायचं, त्यामुळे ती गोणी बघून जीव कळवळला.

पेट्रोल काय, सीएनजी काय, दोन्ही हायड्रोकार्बनच, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं. इंजिनात ते पूर्ण जळत नाही, थोडं तसंच बाहेर येतं. धुरात प्राणवायू असला तरी पुढे ते आपोआप जळत नाही, कारण प्राणवायूचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ही जोडी सुटते. इंधनाचा रेणूही तिथेच टेकतो, त्याचे हायड्रोजन एकेक करून निघतात, शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन सगळं उडून जातं आणि धातूची जागा पुन्हा रिकामी होते. हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1817 साली ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार धरली, तर ज्योत नसतानाही ती लाल राहिली. ही जाळी तेच काम करते, फक्त ती साधारण 250 ते 300 अंशांपर्यंत तापावी लागते.

धातू बदलला की गोष्टच बदलते. आमच्याकडे चांदी होती. इथिलीन हा कच्चा माल असलेला वायू प्लॅटिनमवर पार जळून जातो, चांदीवर मात्र त्यातलं बरंचसं इथिलीन ऑक्साइडपाशी थांबवता येतं. उरलेलं जळू नये म्हणून क्लोरीनयुक्त पदार्थ दहा लाखांत काही भाग, एवढाच सोडायचा. रिअॅक्टरचं तापमान जरा वर सरकलं की आम्ही खुर्चीतून उठायचो.

मुंबईत रिक्षा-टॅक्सी सीएनजीवर आहेत, म्हणून आणखी एक सांगतो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि एकेरी बंधांच्या हायड्रोकार्बनमध्ये सगळ्यात हट्टी तोच. त्याचा पहिला हायड्रोजन सोडवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. त्याच्यासाठी पॅलेडियम चांगलं, पण तेही पेट्रोलच्या धुरापेक्षा बरंच जास्त तापावं लागतं. न जळलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. गाडीला धूर दिसत नाही म्हणजे ती स्वच्छ, असं कुणी समजू नये.

जाळी आपणहून चोंदत नाही. पुतण्याच्या गाडीची ठिणगी पाडणारी एक इग्निशन कॉइल गेली होती. न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटायचं, त्या उष्णतेने ती मधोमध वितळून काचेसारखी झाली होती. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातलं फॉस्फरस धातूवर बसतं. शिसं तर त्याहून वाईट, म्हणून 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. आम्ही कॉइल बदलली, नवी जाळी बसवली. खर्च झाला, पण पिकअप परत आलं.

कंपनीने दिलेल्या गाडीत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मनाई आहे. परिवहन विभागाला विनंती आहे की, पीयूसी काढताना सायलेन्सरच्या पाइपात नळी घालून थांबू नये, गाडीखाली कन्व्हर्टर जागेवर आहे का तेही पाहायला सांगावं. आणि ज्या गॅरेजच्या गोणीत अशा जाळ्या सापडतील, त्यांना त्या कुठल्या गाड्यांच्या, हे विचारावं.

आपला,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, मुलुंड (पूर्व), मुंबई