वेस्टरकेर्कचा मुकुट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. चित्र फ्रेम होऊन भिंतीवर लागलंसुद्धा, हे वाचून बरं वाटलं. तुझी शंका मोक्याची आहे: चर्चच्या मनोऱ्याच्या डोक्यावर एवढा थोरला राजमुकुट कशाला?

हे ॲमस्टरडॅमचं वेस्टरकेर्क, प्रिन्सेनग्राख्त कालव्याच्या काठावरचं. आराखडा हेंड्रिक दे केयसरचा. १६२० मध्ये काम सुरू झालं, पुढच्याच वर्षी तो वारला आणि मुलाने ते पुढे नेलं. १६३१ मध्ये चर्च उघडलं; सुमारे ८५ मीटरचा मनोरा १६३८ मध्ये पुरा झाला. आता मुकुट. हाब्सबुर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनने, जो पुढे सम्राट झाला, १४८९ मध्ये शहराला आपल्या चिन्हावर मुकुट मिरवायची मुभा दिली होती. मनोरा उभा राहत होता तेव्हा डच लोक त्याच हाब्सबुर्ग घराण्याच्या स्पेनशी लढत होते! घराणं कॅथलिक, चर्च कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, तरी मुकुट सोडवेना. माझ्या मते हा मनोरा देवापेक्षा शहराचाच तोरा जास्त सांगतो.

आत गेलास तर उलटा प्रकार. मूर्ती नाहीत, भिंती पांढऱ्या, सगळा मान प्रवचनाला. सुरुवातीला ऑर्गनसुद्धा नव्हता. तो १६८६ मध्ये आला. थोर डच चित्रकार रेम्ब्रांटला १६६९ मध्ये इथेच पुरलं, तेही भाड्याच्या थडग्यात. नेमकी जागा आज कुणाला ठाऊक नाही.

चित्रात कालव्याकाठच्या घरांच्या माथ्याशी पुढे आलेली तुळई नीट बघ. तिला दोर लावून सामान वर ओढतात, कारण जिने भलतेच अरुंद. अशाच एका घराच्या माळ्यावर, आउडेझाइड्स फोरबुर्गवाल कालव्यावर, १६६३ मध्ये अख्खं कॅथलिक चर्च थाटलं गेलं. १५७८ मध्ये शहराची सत्ता प्रोटेस्टंटांकडे गेल्यावर कॅथलिकांना उघड उपासनेला बंदी होती. रस्त्यावरून चर्च दिसलं नाही की अधिकारी काणाडोळा करत. चित्रकाराने असलं घर काढलं तरी आपल्याला नुसती खिडक्यांची रांगच दिसणार. मला ते मनोऱ्यापेक्षा जास्त आवडतं. आता तिथे संग्रहालय आहे. तू आलास की आधी तिकडेच जाऊ, पण गुडघे सांभाळून; जिना उभा आहे, आणि तुला वर ओढायला दोर मिळायचा नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद