चिनूच्या हाती गाडी देण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

चिनू पुढच्या महिन्यात अठराचा होतोय आणि बाबा, तुम्ही त्याला मोटरसायकल कबूल केली आहे. देऊ नका असं मी म्हणणार नाही. मात्र त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि उतावळेपणा होतो, म्हणून काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतील.

"नीट चालव रे" हे त्याला रोज सांगून फारसा उपयोग होत नाही. नियम त्याला पाठ आहेत. ऐन वेळी लक्ष निसटतं, तिथे गाडं अडतं: पुढच्या रिक्षाने ब्रेक मारलेला उशिरा दिसतो, इंडिकेटर चालूच राहतो, पिवळा दिवा दिसला की थांबण्याआधी हात अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. आई, तू घाबरू नकोस. पूर्वी एडीएचडी असलेल्यांचा अपघाताचा धोका इतरांच्या तिप्पट-चौपट मानत. नॉर्वेचे संशोधक ट्रुल्स वा यांनी २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा किती किलोमीटर गाडी चालवली हे धरल्यावर जादा धोका साधारण पाव पट निघाला. जोडीला बेबंद, आक्रमक वागणं असेल तर मात्र तो बराच वाढतो. म्हणून चिनूच्या विसरभोळेपणापेक्षा कुणी कट मारला की त्याचं डोकं फिरतं, त्याची मला जास्त काळजी आहे. भांडण झालं असेल किंवा रात्री झोप झाली नसेल, त्या दिवशी किल्ली तुमच्याकडे.

एडीएचडीच्या औषधाने रस्त्यावर खरोखर फरक पडतो. स्वीडनमधल्या २०१४ च्या मोठ्या अभ्यासात औषध चालू असलेल्या काळात पुरुषांचे गंभीर अपघात ५८ टक्के कमी आढळले. अडचण वेळेची आहे. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाची साधी गोळी जेमतेम चार तास टिकते, लांब असराची आठ ते बारा. सकाळी आठला साधी गोळी घेतली तर संध्याकाळी सहाला कॉलेजातून परतताना असर उरलेला नसतो, आणि गर्दी नेमकी तेव्हाच. लांब असराची गोळी चालेल का, आणि असर ओसरताना चिडचिड वाढते का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. मात्रा घरी बदलू नका. तोवर परतीला बस.

गाडी १००-११० सीसीचीच घ्या. २०० सीसीचा हट्ट पुरवू नका. फोन बंद करून सॅकच्या आतल्या कप्प्यात. हँडलवर होल्डर नको, कानात काही नको. ताशी ५० वर दोन सेकंद नजर हटली तर गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. पहिले तीन महिने एकच ठरलेला रस्ता, उजेडात, मागे मित्र नाही. आयएसआय हेल्मेट, पट्टा लावलेला. सरावात दिसेल ते मोठ्याने बोलायला लावा: "डावीकडून रिक्षा, पुढे गतिरोधक." त्याने नजर भिरभिरत राहत नाही. आणि घरातून पंधरा मिनिटं लवकर बाहेर काढा. उशीर झाला की हाच मुलगा सिग्नल तोडतो.

एक कायद्याचं. अठरा पूर्ण होऊन लर्निंग लायसन्स मिळेपर्यंत बाबांची स्कूटर कोपऱ्यापर्यंतही नको. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

त्याच्याशी बोलताना हे पत्र त्यालाच वाचायला द्या. त्याच्या पाठीमागे ठरवलेलं तो पाळणार नाही.

तुमची,
वैशाली