सोलर हीटर बसवताना आमचं पाणी कुणी तपासलंच नाही : तक्रार पत्र

दिनांक : 5 डिसेंबर 2024

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 200 लिटरचा सोलर वॉटर हीटर बंद पडल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल

महोदय,

मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि हायस्कूलला विज्ञान शिकवते. 12 नोव्हेंबर 2022 रोजी तुमच्या इथल्या विक्रेत्याकडून आम्ही दोन पॅनेलचा, 200 लिटरचा सोलर हीटर 48,500 रुपयांना घेतला. पावतीची आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. या वर्षी जानेवारीपासून त्याचं पाणी कोमटच्या वर जात नाही. फोनवर चार वेळा तक्रार नोंदवली, दोनदा माणूस येऊन गेला. 20 नोव्हेंबरला तुमच्याकडून उत्तर आलं, की दोष यंत्रात नसून आमच्या पाण्यात आहे, म्हणून वॉरंटी लागू होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. का, ते सविस्तर लिहिते.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं, हे आधी सांगायला हवं. आमच्या घरी सात माणसं. त्याआधी न्हाणीत तांब्याचा बंब होता आणि त्याला पाचट, तुराट्या, शेणी, मिळेल ते जळण लागायचं. सासूबाईंचं वय 74, गुडघे धरलेले. तरी पहाटे उठून बंब पेटवायचं काम त्यांनी कधी सोडलं नाही. सोलर बसल्यावर आदल्या दिवशी तापलेलं पाणी पहाटे पाचलाही चटका बसेल इतकं गरम मिळायचं. न्हाणीतला धूर गेला, सासूबाईंचा खोकला कमी झाला. त्या भरवशावर आम्ही बंब मोडीत घातला. आज त्याचं वाईट वाटतं.

तुमचा पहिला माणूस फेब्रुवारीत आला आणि ढगाळ हवेचं कारण सांगून गेला. आमच्याकडे फेब्रुवारीत आभाळ कोरडं ठणठणीत असतं. मी शाळेतला थर्मामीटर आणून दुपारी दोन वाजता नळाचं पाणी मोजलं, ते 31 अंश भरलं. आदल्या वर्षी त्याच महिन्यात 58 होतं, माझ्या वहीत नोंद आहे. पॅनेलची तोंडं दक्षिणेला आहेत, होकायंत्र लावून पाहिलं. सावली कशाचीच पडत नाही. काचेला हात लावला तर भाजत होता आणि टाकीकडे जाणारा पाइप मात्र जेमतेम कोमट. म्हणजे ऊन आत येत होतं, पण पाणी फिरत नव्हतं.

या यंत्राला पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी खाली पॅनेलमध्ये उतरतं, आणि हे चक्र दिवसभर आपोआप चालतं. एवढ्याशा जोरावर पाणी फिरायचं तर आतल्या तांब्याच्या उभ्या नळ्या मोकळ्याच हव्यात. ऑगस्टमध्ये तुमचा दुसरा माणूस आला तेव्हा त्याच्या समक्ष गावातल्या प्लंबरनं खालच्या आडव्या पाइपचं टोक उघडलं. आतून पांढऱ्या खपल्या ओंजळभर निघाल्या. उभ्या नळ्यांत तार घातली, ती बहुतेक नळ्यांत वीतभरही गेली नाही. एका खपलीवर लिंबू पिळलं तर फसफसलं. पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापला की त्याचा कार्बोनेट होतो आणि गरम तांब्यालाच चिकटून बसतो. पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात आणि आम्ही जड पाणी म्हणतो, त्याचं हे लक्षण. हे मी दर वर्षी मुलांना शिकवते.

आता मूळ मुद्दा. आमचं पाणी बोरचं आहे आणि ते जड आहे, हे लपलेलं नव्हतं. विक्री करायला आलेल्या माणसानं आमच्या ओसरीवर बसून त्याच बोरचं तांब्याभर पाणी प्यालं आणि म्हणाला, "पाणी गोड हाय की वहिनी." जडपणा असा जिभेला कळत नाही. पण तेव्हा वापरात असलेला न्हाणीतला बंब त्यानं वाकून पाहिला होता. त्याच्या आत बोटभर जाडीचा पांढरा थर होता. सासूबाई दर वर्षी दिवाळीआधी बंब उलटा करून त्या खपल्या खरवडून काढायच्या. बंबाचं तोंड मोठं, म्हणून ते जमायचं. बोटाएवढ्या नळीत हात कुणाचा जाणार? त्या दिवशी त्यानं एवढं एकच विचारलं असतं, की पाणी कुठलं, तपासलंय का, तर आम्ही हे मॉडेल घेतलंच नसतं.

निपाणी शहरात जवाहर तलावाचं पाणी येतं. तिथं हीच यंत्रं नीट चालतही असतील. खेड्यात विकताना मात्र आधी पाणी तपासणं हे तुमचं काम आहे, कारण नळ्या तुमच्या आहेत आणि त्यांना काय चालतं, काय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच माहितीपत्रकात जड पाण्यासाठी हीट एक्स्चेंजरचं वेगळं मॉडेल दिलेलं आहे. त्यात पॅनेलमधून ठरावीक मऊ पाणीच फिरत राहतं आणि घरात वापरायचं पाणी टाकीतच तापतं, त्या बारीक नळ्यांत जातच नाही. ते माहितीपत्रक आम्हाला मिळालं दुसऱ्या माणसाकडून, ऑगस्टमध्ये.

तुम्ही पत्रात आमच्या पाण्याला "खराब" म्हटलं आहे. सप्टेंबरमध्ये मी ते तपासून घेतलं. एकूण काठिण्य, म्हणजे जडपणा, लिटरला 540 मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. 10500 मध्ये, 200 ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे हे पाणी माणसाला पिण्याजोगं आहे. हेच पाणी आम्ही पितो, म्हशी पितात. तुमच्या नळ्यांना ते सोसत नाही म्हणून ते खराब ठरत नाही.

जड पाण्याची अट वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत आहे, आणि कार्ड मिळालं पूर्ण पैसे भरून यंत्र बसवून झाल्यावर. आमच्या भागात घराघरांत मराठी आणि कन्नड बोलतात. पैसे घेताना तुमचा माणूस अस्खलित मराठी बोलत होता.

फोनवर मला दोन उपाय सुचवले गेले. एक, दर वर्षी 3,500 रुपये भरून ॲसिडनं नळ्या धुऊन घ्या. असं दर वर्षी करायचं तर सोलर घेऊन वाचवलं काय? दुसरा, टाकीतली 2 किलोवॅटची कॉइल लावा. हा हिशोब मी करून पाहिला. 200 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला जवळजवळ 7 युनिट लागतात. महिन्याला झाले 210. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतं. म्हणजे नुसत्या आंघोळीच्या पाण्यापायी घरातल्या दिव्यापंख्याचीही सवलत गेली. म्हणून कॉइल आम्ही लावत नाही. सध्या सासूबाईंपुरतं पाणी गॅसवर पातेल्यात तापवते, बाकीचे गार पाण्यानं आंघोळ करतात. धाकटी मुलगी आठ वर्षांची आहे आणि थंडी आत्ता कुठे सुरू झाली आहे.

माझं मागणं असं : हा संच काढून नेऊन त्याजागी हीट एक्स्चेंजरचं 200 लिटरचं मॉडेल बसवून द्या. दोन्ही मॉडेलच्या किमतीत खरेदीच्या दिवशी जो फरक होता, तो भरायला मी तयार आहे. ते जमत नसेल तर पहिल्या वर्षाच्या वापराचे वाजवी पैसे कापून उरलेली रक्कम परत करा. नळ्या धुऊन हाच संच पुन्हा चालू करणं मला मान्य नाही, कारण पाणी तेच राहणार आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर हवं. न आल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. तोपर्यंत गोष्ट जाऊ नये असं मनापासून वाटतं. शेजारच्या तीन घरांनी आमचं पाहून सोलरसाठी पैसे बाजूला ठेवले होते आणि ते अजून थांबले आहेत.

खपल्या बरणीत भरून ठेवल्या आहेत. पाण्याचा अहवाल आणि फोटो सोबत आहेत. माणूस पाठवणार असाल तर दुपारी चारनंतर पाठवा, आणि येताना पाण्याचा जडपणा तपासायची किट त्याच्याबरोबर द्या.

आपली,
(सही)
ग्राहक, ता. निपाणी, जि. बेळगाव