बूट फाटला तर आवाजाची वाट पाहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीतल्या प्रश्नोत्तरांत एका वाचकाने विचारलं होतं, की गाडीच्या पुढच्या चाकामागचा रबरी बूट (चाकाकडच्या सांध्यावरचं, आत ग्रीस धरून ठेवणारं आवरण) फाटलेला दिसतो आहे, काय करू? उत्तर आलं ते असं: वळताना आवाज येत नसेल तर घाई नको, आवाज यायला लागला की बूट बदलून घ्या. हे उत्तर नेमकं उलटं आहे. आवाज नाही तोवरच बूट बदलण्याला अर्थ असतो. आवाज सुरू झाल्यावर नवा बूट चढवणं म्हणजे किडलेल्या दाताला बाहेरून पॉलिश करणं.

मी मेकॅनिक नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. उपकरण बिघडलं की फेकण्याआधी उघडून बघायचं, ही सवय तिथली. गेल्या महिन्यात माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही ड्राइव्हशाफ्ट मी भाच्याच्या मदतीने काढले आणि टेबलावर उघडले. दोन्हींचे चाकाकडचे बूट फाटलेले होते. डावा नुकताच फाटला होता, त्याचा आवाज नव्हता. उजवा कधी फाटला देव जाणे, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की कट्-कट्-कट् सुरू व्हायचं. तुमच्या उत्तराची परीक्षा घ्यायला याहून चांगली जोडी मला मिळाली नसती.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून प्रत्येक चाकापर्यंत एक लोखंडी दांडा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, जातो. चाक खड्ड्यात वरखाली होतं, शिवाय वळतंही, म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. आतला, गिअरबॉक्सकडचा सांधा बहुतेक गाड्यांत तीन रोलरचा असतो आणि तो लांबीत थोडा आतबाहेर सरकतो. बाहेरचा, चाकाकडचा, सहा छर्ऱ्यांचा. पूर्ण वळणावर हा बाहेरचा सांधा पंचेचाळीस अंशांच्या आसपास वाकतो आणि वाकलेल्या अवस्थेतच फिरतो.

इथे माझ्यातली प्रयोगशाळा गप्प बसत नाही. साधा फुलीचा सांधा, म्हणजे हूकचा, वाकवून फिरवला तर निघणारी गती एकसारखी राहत नाही. तीस अंशांच्या कोनात एकाच फेऱ्यात ती दोनदा सुमारे १३ टक्के मंदावते आणि दोनदा सुमारे १५ टक्के वाढते. वळणाऱ्या पुढच्या चाकाला असा सांधा लावला तर वळताना गाडी हातात थरथरेल. छर्ऱ्यांच्या सांध्यात छर्रे नेहमी दोन दांड्यांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलात राहतात, म्हणून जेवढी गती आत तेवढीच बाहेर. फोर्डमधल्या आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात हे जमवलं (आडनाव ऐकून माणूस मराठी वाटतो), आणि १९५९ साली आलेल्या मिनीने असे सांधे छोट्या गाडीत घालून दाखवले. छर्ऱ्यांना त्या प्रतलात धरून ठेवतो तो पोलादी पिंजरा. माझ्या पत्राचा नायक तोच.

शाफ्ट काढायचं काम ताकदीचं आहे, अकलेचं कमी. हब नटाची (चाक ज्यावर बसतं त्या हबमध्ये शाफ्टचं टोक आवळणाऱ्या नटाची) कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची. नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा, आत बसलेल्याने ब्रेक दाबून धरायचा. मग गाडी जॅकवर घेऊन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, हे मी भाच्याला दोनदा ऐकवलं. चाक काढलं, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, नकल (हब धरणारा भाग) बाहेर ओढून शाफ्टचं टोक हबमधून मोकळं केलं. गिअरबॉक्समधलं तेल आधीच काढून ठेवलं होतं, नाहीतर ते शाफ्टपाठोपाठ जमिनीवर येतं.

यानंतर मी चूक केली. उजवा शाफ्ट मधोमध धरला आणि जोराने ओढला. आतल्या सांध्याचा कप गिअरबॉक्समध्येच राहिला आणि तीन रोलर त्यातून सुटून बुटात आले. बूट सोडला तर एक रोलर निसटलेला आणि त्यातल्या सुईसारख्या बारीक सळ्या काळ्या ग्रीसमध्ये विखुरलेल्या. भाचा म्हणाला, “मावशी, दांडा ओढायचा नसतो, कपाला टॉमी, म्हणजे पहारीसारखा दांडा, लावून उचकटायचं असतं.” हे त्याने दोन मिनिटं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शेजारच्या रोलरमधल्या सळ्या मोजून, तेवढ्याच पुन्हा ग्रीसने चिकटवून बसवल्या. यात आमची सकाळ गेली. डावा शाफ्ट टॉमीच्या एका झटक्यात बाहेर आला.

आता टेबलावर. डावा आधी घेतला. शाफ्ट शेगड्यात (व्हाइसमध्ये) लाकडी ठोकळ्यांमध्ये पकडला, बुटाच्या पट्ट्या कापल्या, आणि सांध्याच्या आतल्या कड्यावर पितळी दांड्याने ठोका दिला. आत लपलेली सर्क्लिप, म्हणजे सांधा अडकवून ठेवणारी तारेची कडी, दबते आणि सांधा टकन सुटतो. (काही गाड्यांत बाहेरचा सांधा सुटतच नाही, तिथे आतला सांधा उघडून बूट त्या बाजूने आणावा लागतो.) उघडण्याआधी कप, पिंजरा आणि आतलं कडं या तिघांवर रंगाचा एकेक ठिपका दिला, कारण वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून बसलेले भाग पुन्हा त्याच जागी गेले पाहिजेत. मग आतलं कडं एका बाजूला पूर्ण कलवलं की समोरच्या बाजूचा पिंजरा वर येतो आणि खिडकीतला छर्रा निघतो. असे सहा. त्यांनाही क्रमाने ठेवायचं; मी अंड्यांचा ट्रे वापरला. छर्रे गेले की पिंजरा काटकोनात उभा करून कपाबाहेर काढायचा. हे पहिल्यांदा अशक्य वाटतं, मग हाताला कळतं.

डाव्या सांध्यातलं ग्रीस राखाडी झालं होतं आणि चिमटीत घासलं तर किंचित किरकिर लागत होती. म्हणजे धूळ आत पोचली होती, पण तिला काम करायला वेळ मिळाला नव्हता. रॉकेलमध्ये सगळं धुतलं, पुसलं, पूर्ण सुकू दिलं, कारण रॉकेलचा अंश राहिला तर नवं ग्रीस पातळ होतं. छर्रे जिथून फिरतात त्या चाकोऱ्यांवर फक्त गुळगुळीत चकाकी होती. नख फिरवलं, कुठे अडलं नाही. पिंजऱ्याच्या खिडकीत छर्रा बोटाने दाबूनच बसत होता. हा सांधा वाचला.

उजव्यात ग्रीस नव्हतंच. लालसर काळी, दाणेदार पेस्ट होती. धूळ आणि पाणी ग्रीसमध्ये मिसळलं की ते वंगण राहत नाही, कानस होतं. चाकोऱ्यांच्या एकाच भिंतीवर खड्डे पडलेले, समोरची भिंत जवळजवळ नवी. पुढे जाताना जी बाजू भार घेते तीच झिजते, रिव्हर्सची बाजू तशीच राहते. काही जुने कारागीर म्हणूनच दोन्हीकडचे सांधे सारखे असतील तर डावा उजवीकडे बदलतात, म्हणजे न झिजलेली भिंत कामाला येते. मलाही मोह झाला. पण पिंजरा बघितला आणि मोह संपला. खिडक्यांच्या कडा छर्ऱ्यांनी खाल्ल्या होत्या, छर्रा खिडकीत खुळखुळत होता. सरळ रस्त्यावर छर्रे चाकोरीच्या मधल्या भागातच थोडे हलतात. पूर्ण वळणावर ते प्रत्येक फेऱ्यात लांबवर मागेपुढे धावतात, आणि सैल खिडकीत एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटतात. तोच कट्-कट्. या पिंजऱ्यावर नवं ग्रीस आणि नवा बूट चढवून काही उपयोग नव्हता. उजवीकडे मी पूर्ण नवा बाहेरचा सांधा घातला.

थोडक्यात, आवाज बुटाचा नसतोच. तो झिजलेल्या पोलादाचा असतो, आणि पोलाद परत येत नाही.

जुळवणीतल्या चारच गोष्टी सांगते, कारण तिथेच लोक घाई करतात. बुटाबरोबर मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचं मोजून दिलेलं पाकीट येतं, ते सगळं घालायचं, निम्मं सांध्याच्या आत दाबून आणि उरलेलं बुटात. डब्यातलं कुठलंही ग्रीस नाही. बुटाच्या पट्ट्या धातूच्याच, दाबून बसवायच्या. तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी आवळून भागवणाऱ्यांचे बूट मी निसटलेले पाहिले आहेत. आणि आतला बूट आवळण्याआधी त्याच्या कडेखाली बोथट पेचकस सरकवून आतली हवा सोडायची, नाहीतर तो फुगतो किंवा आत ओढला जाऊन चिमटतो. हब नट नवाच, आणि आवळण्याचा आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातला. माझ्या गाडीचा दोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास होता. मीटरभर दांड्याच्या टोकाला वीस किलो टांगल्यावर जेवढा पीळ पडेल तेवढा. बऱ्याच गाड्यांत हाच नट चाकाचं बेअरिंग दाबून धरतो, म्हणून शाफ्ट बाहेर असताना गाडी त्या चाकावर ढकलू नये.

एक तक्रारही आहे. आधी ज्या गॅरेजमध्ये दाखवलं तिथे न उघडताच सांगितलं, “दोन्ही शाफ्ट गेले, बदलावे लागतील.” उजव्याबद्दल ते बरोबर होते. डाव्याबद्दल चूक. उघडल्याशिवाय हे कुणालाच कळत नाही, त्यांनाही नाही. पूर्ण शाफ्ट बदलणं कधी कधी शहाणपणाचं असतं, वेळ वाचतो हे मान्य. पण “गेला” म्हणणाऱ्याकडे ग्राहकाने पिंजरा बघायला मागावा.

तुमच्या त्या वाचकाला माझं उत्तर असं: आजच स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा, टॉर्च घ्या, बुटाच्या घड्या बोटाने उघडून बघा, आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे आहेत का तेही. शिंतोडे असतील आणि आवाज नसेल तर या आठवड्यात सांधा उघडून, धुऊन, नवा बूट घाला. आवाज असेल तर बुटाचा विचार सोडा.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती. दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्यांचे फोटो मी काढून ठेवले आहेत आणि उजवा पिंजराही फेकलेला नाही. उत्तर लिहिणाऱ्यांना तो हातात घेऊन बघायचा असेल तर पाठवते, मात्र परत हवा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक