डोकेदुखी थांबली तरी गोळ्या मनाने बंद करू नका

संपादक महोदय,

आरोग्य पुरवणीत डोकेदुखी म्हटली की अर्धशिशी, चष्म्याचा नंबर आणि ताणतणाव यांवरच लिहिले जाते. पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू होणाऱ्या एका डोकेदुखीवरही, म्हणजे धमन्यांना सूज आणणाऱ्या जायंट सेल आर्टेरायटिस या आजारावरही, आपण लिहावे, म्हणून हे पत्र.

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. कानशिलावरच्या धमनीचा सुतळीएवढा तुकडा फॉर्मॅलिनमधून येतो. तो मेणात बसवून पातळ काप काढायचे, रंगवायचे, हे माझे काम; निदान डॉक्टर करतात. पण आजारी धमनी आता मलाही ओळखू येते. निरोगी कापात आतल्या बाजूची लवचीक पट्टी नागमोडी आणि सलग दिसते. आजारी कापात ती जागोजागी तुटलेली असते. तुटलेल्या कडांशी मॅक्रोफेज या भक्षक पेशी जमलेल्या, त्यांतल्या काही एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी झालेल्या. जायंट सेल आर्टेरायटिस हे नाव त्यांच्यावरूनच पडले, अर्थात प्रत्येक कापात त्या सापडतातच असे नाही. आतला थर सुजून रक्ताची वाट बारीक झालेली असते. डोळ्याच्या धमन्यांत असे झाले तर दृष्टी जाते आणि गेलेली बहुधा परत येत नाही.

या सगळ्यामागे टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, असतात. उपचार म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की आयएल-१७ हे सूज वाढवणारे रसायन सोडणाऱ्या टी पेशी लवकर शांत होतात, डोके दुखायचे थांबते, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) उतरतो. इंटरफेरॉन गॅमा हे दुसरे रसायन सोडणाऱ्या टी पेशी मात्र धमनीच्या भिंतीत टिकून राहतात. साखर वाढेल, हाडे ठिसूळ होतील ही भीती खरी आहे, पण म्हणून मनाने गोळ्या बंद केल्या तर आजार उलटतो. स्टिरॉइडचा डोस कमी करता यावा म्हणून टोसिलिझुमॅब हे इंजेक्शनही देतात. ते घेणाऱ्यांनी नुसत्या सीआरपीवर (सूज दाखवणाऱ्या आणखी एका रक्ततपासणीवर) विसंबू नये. आजार जागा असतानाही तो नॉर्मल येऊ शकतो.

बायोप्सी (धमनीचा तुकडा काढून तपासणे) होईपर्यंत औषध नको, असा आग्रह काही नातेवाईक धरतात. कृपया धरू नका. स्टिरॉइड सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे झाले तरी कापात खुणा सापडतात. वाट पाहण्यात डोळा मात्र जाऊ शकतो.

पन्नाशीनंतरची नवी डोकेदुखी, घास चावताना दुखणारा जबडा, केस विंचरताना हुळहुळणारी टाळू, एका डोळ्यापुढे क्षणभर अंधारी: यांपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, एवढे आपण ठळक अक्षरांत छापावे, ही विनंती.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ